शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो पण पाच चमचे मोजून आणता येत नाहीत, आणि मिस म्हणतात घरी इंग्लिश बोला

कासारवडवलीची_आई | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय त्यामुळे लांबला तर सांभाळून घ्या. लेक ४ वर्षं २ महिन्यांचा आहे, ज्युनियर केजीत, घोडबंदर रोडवरच्याच एका इंग्लिश मीडियम शाळेत (नाव घेत नाही). परवा शनिवारी पीटीएम (पालकसभा) होती. मिस म्हणाल्या त्याला समजतं सगळं पण बोलत नाही, विचारलं की मराठीत उत्तर देतो, लिहायला बसवलं की पेन्सिल टाकून देतो, दोन आणि पाचचे आकडे उलटे काढतो, आणि मग ते ठरलेलं वाक्य, "मॉम, घरी ओन्ली इंग्लिश बोला प्लीज." आमच्या घरी सासू-सासरे आहेत, त्यांच्यासमोर मी काय इंग्लिश झाडू, आणि खरं सांगायचं तर माझं स्वतःचं इंग्लिश ऑफिसच्या मेलपुरतं आहे, त्यात लेकाचा रुसवा काढता येत नाही.

हे कमी होतं म्हणून रविवारी नणंद सहकुटुंब जेवायला. मी ह्याला म्हटलं जा पाच चमचे घेऊन ये. हा मूठभर घेऊन आला. म्हटलं मोज बघू किती आणलेस, तर एकेका चमच्यावर बोट ठेवून व्यवस्थित एक ते नऊ, एकही चुकला नाही. मग किती आहेत रे? तर पुन्हा पहिल्यापासून एक, दोन, तीन... परत विचारलं किती, परत सुरू. नणंदेची मुलगी (वय ६) हसायला लागली आणि हा रडायला. आता हाच मुलगा वन टू हंड्रेड एका दमात म्हणतो, आजीने शिकवलेलं मराठी पन्नासपर्यंत म्हणतो, पाहुण्यांसमोर आम्ही म्हणवूनही घेतो (हो, आम्हीही त्यातलेच). मग पाच चमच्यांत काय अडतं?

आणि तिसरं म्हणजे मराठी तरी नीट यावं ना, तर हल्ली "मी बागेत जालो", "मी चित्र करलं" असं बोलतो. तीन वर्षांचा असताना "गेलो" बरोबर म्हणायचा, मला पक्कं आठवतंय. उलटा प्रवास चाललाय का? नवरा म्हणतो फोनिक्स (अक्षरांचे आवाज शिकवतात ते) आणि अबॅकस दोन्ही लावून टाकू, खाली गाळ्यात क्लास आहे, तीन महिन्यांचे नऊ हजार. सासरे म्हणतात आम्हाला कुणी लावले होते क्लास. मी आपली अडकित्त्यात सुपारी. घरी इंग्लिश सुरू करू का, क्लास लावू का, की कुणाला दाखवू?

एकदम_प्रॅक्टिकल | सोमवार, रात्री ११.५८

शाळा इंग्लिश तर घर पण इंग्लिश, सिंपल. मराठीचा अभिमान मलाही आहे पण वर्गात पोरगं गप्प बसतं त्याचं काय? आजपासून सुरू करा, सहा महिन्यांत फाडफाड बोलेल. क्लासचे पैसे मात्र वाचवा, यूट्यूबवर सगळं फुकट आहे, इंग्लिश कार्टून लावून द्या.

गणितवाला_बाबा | मंगळवार, सकाळी ७.१५

लोकलमधून टाइप करतोय, चुका पोटात घाला.

ताई चमच्यांचं मी सांगतो, भाषेचं जाणकार सांगतील. तुमच्या मुलात काही कमी नाहीये. आकडे म्हणणं आणि मोजणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शंभरपर्यंत म्हणणं हे त्याच्यासाठी आरती म्हणण्यासारखं आहे. आपणही लहानपणी गणपतीत टाळ कुटत सगळ्या आरत्या घडाघडा म्हणायचो, त्यातल्या किती शब्दांचा अर्थ कळत होता? मी तर कॉलेजला जाईपर्यंत अर्धे शब्द चुकीचेच ओरडत होतो, कुणाला पत्ताही लागला नाही.

१९७८ साली गेलमन आणि गॅलिस्टेल ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी मोजण्याच्या पोटात काय काय असतं ते उलगडून मांडलं. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, ना वगळायची ना दोनदा धरायची. आकड्यांचा क्रम दर वेळी तोच. आणि शेवटी जो आकडा तोंडातून निघाला तो त्या शेवटच्या चमच्याचं नाव नसून सगळ्या चमच्यांची मिळून संख्या आहे. (आणखी दोन आहेत, काहीही मोजता येतं आणि कुठूनही मोजायला सुरुवात केली तरी चालते, पण ते राहू द्या.) तुमच्या लेकाला पहिल्या दोन आल्यात, बोट ठेवून नऊपर्यंत न चुकता गेला म्हणजे बघा. तिसरी यायचीय. त्याच्या दृष्टीने "किती" हा प्रश्न म्हणजे "मोजायला सुरुवात कर" असा हुकूम आहे, म्हणून तो बिचारा प्रत्येक वेळी इमानदारीत हुकूम पाळतो आणि तुम्ही परत तेच विचारता. रडणार नाही तर काय करणार.

१९९०च्या सुमारास कॅरन विन ह्यांनी लहान मुलांना "मला इतके दे" असं सांगून तपासलं, नेमका तुमचा चमच्यांचाच खेळ. त्यात दिसलं की मूल आधी फक्त "एक" मागितल्यावर एक देतं, बाकी काहीही मागा, मूठभर देतं. मग काही महिन्यांनी "दोन" पक्का होतो, मग "तीन". आणि तीन-चारपाशी आलं की अचानक ट्यूब पेटते आणि मग पाच, सहा, आठ, जेवढे मागाल तेवढे मोजून देतं, पुढचा एकेक आकडा वेगळा शिकवावा लागत नाही. हे सगळं साधारण अडीच ते चार वर्षांच्या वयात घडतं, काहींना थोडं पुढेमागे. आज घरी जाऊन फक्त बघा, एक मागा, दोन मागा, तीन मागा, कुठे मूठ भरायला लागतो ते कळेल. परीक्षा घेतल्यासारखं करू नका आणि नणंदेच्या मुलीसमोर तर अजिबात नको.

आता माझा आवडता विषय, सॉरी लांबणार. मराठी आकडे हे चार वर्षांच्या डोक्यावर अन्याय आहेत. बघा, २२ बावीस, ३२ बत्तीस, ४२ बेचाळीस, ८२ ब्याऐंशी, म्हणजे एकाच "दोन"ची बा, ब, बे, ब्या अशी चार रूपं. २९ला आपण वीस-नऊ नाही म्हणत, तीसला एक उणा, एकोणतीस, आणि तेच पुढे एकोणचाळीस, एकोणपन्नास, पार एकोणनव्वदपर्यंत, आणि ९९ला आलं की एकोणशंभर असायला हवं तिथे नव्व्याण्णव. शिवाय पंचवीस बोलताना पाच आधी आणि वीस नंतर, लिहिताना २ आधी आणि ५ नंतर, मग मूल पंचवीसला ५२ लिहितं ते ऐकून लिहितं बिचारं. चिनी भाषेत अकरा म्हणजे सरळ "दहा-एक", बारा "दहा-दोन". चिनी आणि अमेरिकन मुलांची तुलना झालीय त्यात दहापर्यंत दोघं बरोबरीने असतात आणि अकरानंतर अमेरिकन मागे पडायला लागतात, आणि इंग्लिश तर आपल्यापेक्षा कितीतरी सोपी.

२०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचायची पद्धत जुन्या पद्धतीच्या जोडीला दिली होती तेव्हा काय राडा झाला होता आठवतंय? पार विधानसभेत. मंगला नारळीकर मॅडम गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांचे आणि उलट क्रमाचे हे आकडे मुलांना जड जातात. लोकांना वाटलं मराठी बुडाली. मी स्वतः तेव्हा व्हॉट्सॲपवर त्यावरचे जोक फॉरवर्ड केले होते, मुलगी झाल्यावर आणि तिला त्रेपन्न शिकवायला बसल्यावर लाज वाटली.

उलटे आकडे विसरून जा. कप डावीकडून बघा की उजवीकडून, कपच असतो, मेंदू जन्मापासून हेच शिकतो की उलटसुलट असलं तरी वस्तू तीच. अक्षरं आणि आकडे हाच एक प्रकार असा की फिरवला की बिघडतो. ती जुनी सवय मोडायला वेळ लागतो, सहा-सात वर्षांपर्यंत चालतं. आणि आपल्या मुलांना तर दोन दोन आकडे, मराठी १ आणि इंग्लिश नऊ जवळजवळ जुळे भाऊ, मराठी ४ म्हणजे डोकं उघडं राहिलेला इंग्लिश आठ. कुर्ला आलं, उतरतो.

ऐरोलीचा_पप्पा | मंगळवार, सकाळी ९.०२

गणितवाला +१, नव्व्याण्णववर कधी विचारच केला नव्हता.

वाचा_आणि_भाषा | मंगळवार, दुपारी २.२०

मी स्पीच थेरपिस्ट आहे, नवी मुंबईत काम करते. मूल न बघता निदान करता येत नाही, करूही नये, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

आधी "जालो". ताई, ह्यावर तुम्ही पेढे वाटायला हवेत. तीन वर्षांचा असताना त्याने "गेलो" हा अख्खा शब्द तुमच्याकडून उचलला होता, पोपटासारखा. आता त्याच्या डोक्याने नियम शोधून काढलाय, बस-बसलो, हस-हसलो, चढ-चढलो, मग जा-जालो. भर-भरलं, धर-धरलं, मग कर-करलं. तुमच्या घरात कुणी "जालो" बोलतं का? नाही ना. म्हणजे हे त्याने ऐकलेलं नाही, बनवलेलं आहे. इंग्लिश मुलं ह्याच वयात "गो"चं "वेंट" न करता "गोड" (goed) करतात, ह्याच कारणाने. तिकडेही आधी बरोबर येतं, मग चुकतं, मग कायमचं बरोबर येतं. तुम्ही "असं नाही म्हणायचं" म्हणू नका, फक्त "हो का, बागेत गेलास? कोणाबरोबर गेलास?" असं बरोबर रूप वापरून गप्पा पुढे न्या, तो आपोआप उचलेल.

आता घरी इंग्लिश बोला हा सल्ला. शाळेला दोष देत नाही, मिसना पंचवीस-तीस मुलं सांभाळायची असतात, पण मुलाच्या भाषेच्या वाढीच्या दृष्टीने हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येतं किंवा डोक्यात गोंधळ होतो ह्याला आधार नाही, आपल्याकडे तर घराघरात दोन-तीन भाषा आहेत. मुलाला लागते ती भरपूर, अर्थपूर्ण, उलटसुलट गप्पांची भाषा, आणि ती तुम्ही ज्या भाषेत रागावू, लाडावू, गोष्ट रंगवू शकता त्याच भाषेत देऊ शकता. तुम्ही स्वतःच लिहिलंय की इंग्लिशमधे रुसवा काढता येत नाही. मग इंग्लिश सुरू केलं की घरात उरेल काय? "कम हिअर, सिट डाऊन, ईट फास्ट, डोन्ट टच." चार वर्षांच्या मुलाला दिवसभर एवढीच भाषा मिळाली तर ना इंग्लिश येणार ना मराठी. मी अशी मुलं बघते. आई-बाबांनी शाळेचं ऐकून घरची भाषा बंद केलेली असते आणि आजी-आजोबांशी मुलाचं बोलणंच तुटलेलं असतं.

@एकदम_प्रॅक्टिकल, कार्टूनबद्दल. पॅट्रिशिया कुल ह्यांचा २००३चा एक प्रयोग आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा वेळा चिनी (मँडरिन) बोलणारी व्यक्ती भेटली, खेळली, वाचून दाखवलं, आणि त्या बाळांना चिनी आवाजांतला फरक ओळखता यायला लागला. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं, पण टीव्हीवर. त्यांना काहीही आलं नाही. चार वर्षांचं मूल टीव्हीवरून थोडे शब्द उचलतं, नाही असं नाही, पण पडदा उत्तर देत नाही, थांबत नाही, मुलाच्या तोंडाकडे बघत नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन ते चार वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगते, तोही कमी असेल तेवढा बरा.

आवाजांवरून आठवलं, हे आपल्याला फार जवळचं आहे म्हणून सांगते. १९८४ साली कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज ह्यांनी इंग्लिश घरातल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत कळेनासा झाला, कारण घरात तो फरक कुणी करतच नाही. म्हणजे आपली बाळं पाळण्यात पडल्या पडल्या त, ट, ण, ळ घोटून ठेवत असतात. तोंडातून ळ मात्र सावकाश येतो, "केलं खायचंय" म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन येणारे पालक आठवड्याला दोन तरी असतात. थांबा म्हणून सांगते.

कधी दाखवायचं तेही लिहिते नाहीतर सगळेच निवांत व्हाल. दोन वर्षं पूर्ण झाली तरी "आई दे", "बाबा गेले" असे दोन शब्द जोडत नसेल, तीन-साडेतीनला बाहेरच्या माणसाला बहुतेक बोलणं कळत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, आधी येत असलेले शब्द गेले असतील (जालोसारखे नव्हे, शब्दच गायब), तर वाट बघू नका. आणि सगळ्यात आधी कान तपासा. वारंवार सर्दी, कानात पाणी साठणं ह्यामुळे मुलाला अर्धवट ऐकू येतं आणि घरच्यांना वाटतं लक्ष देत नाही. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे वाचा आणि श्रवण दोन्हीची तपासणी होते. तुमच्या लेकाचं जे वर्णन तुम्ही केलंय त्यात मला धोक्याचं काही दिसत नाही, पण मनात शंका असेल तर ऐकण्याची चाचणी करून घ्यायला काय जातं.

एकदम_प्रॅक्टिकल | मंगळवार, दुपारी ३.०५

मॅडम प्रयोग बियोग ठीक आहे पण मुद्दा तोच राहिला. वर्गात तो गप्प बसतो. मिसला मराठी येत नसेल तर? इंग्लिश कोण शिकवणार, तुम्ही?

वाचा_आणि_भाषा | मंगळवार, दुपारी ४.४०

रास्त प्रश्न आहे. इंग्लिश हवंच, पण मराठीत भर म्हणून, मराठीच्या जागी नाही. नवीन भाषेच्या वर्गात मूल काही महिने नुसतं ऐकत बसतं हे अगदी नेहमीचं आहे, "समजतं सगळं पण बोलत नाही" असं मिस म्हणाल्या ना, तेच ते. रोज एक इंग्लिश चित्रांचं पुस्तक, घरातला ज्याला आवडतं त्याने वाचावं, मधे मधे मराठीत गप्पा मारल्या तरी चालतं. ह्याला "छत्री" माहीत असली की "अम्ब्रेला" शिकायला त्याला एक नवीन आवाज लागतो फक्त, छत्री म्हणजे काय हे परत शिकावं लागत नाही. आणि सरकारी धोरण बघायचं तर २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच म्हटलंय. खासगी इंग्लिश शाळा ते मनावर घेत नाहीत हा भाग वेगळा.

नौपाड्याच्या_आजी | मंगळवार, रात्री ९.३०

अगं मुली, तुझं वाचून माझी बालवाडी डोळ्यासमोर आली. तीस वर्षं काढली त्यात, आता नातवंडं सांभाळते. नातीने मोबाईलवर बोलून टाइप करायचं शिकवलंय तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले तर हसू नका.

पेन्सिल टाकतो म्हणतेस. चार वर्षांच्या मुलाच्या हाताला चार ओळींच्या वहीत लिहायला लावणं मला कधीच पटलं नाही. तीन वर्षांचं मूल बघून बघून गोल काढतं, चारला फुली, साडेचारच्या आसपास चौकोन, पाचला त्रिकोण आणि शंकरपाळ्याचा आकार तर सहा-सातला. आता तूच सांग, ज्याच्या हातून अजून धड त्रिकोण उतरत नाही त्याला "क" कसा काढता येणार, त्यात गोल, काना, शेपूट सगळं आलं. त्याला कणीक मळायला दे. मटार सोलायला दे, चिमटे लावायला दे दोरीवर, ओल्या खडूने गॅलरीत मोठ्ठं काहीतरी रेघोट्या मारू दे. धूळपाटी ही आपलीच गोष्ट, परातीत रवा पसर आणि बोटाने गिरव, चुकलं तर परात हलवली की संपलं, खाडाखोड नाही आणि लाल शेरा नाही.

ह्याच आपल्या ठाणे जिल्ह्यात (आता पालघर म्हणायचं) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी काय काम केलंय. १९४५ला बोर्डीला सुरुवात, मग कोसबाडच्या टेकडीवर. माँटेसरीची महागडी साधनं कुठून आणणार, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, जी गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी कुरणशाळा. मी तरुणपणी कोसबाड बघायला गेले होते, परत येताना पिशवीभर शिंपले घेऊन आले आणि पुढे कित्येक वर्षं तेच वापरले. आता तुमच्या टॉवरमधल्या शाळांत "ॲक्टिव्हिटी किट"चे पैसे घेतात, आत बघावं तर प्लास्टिकचे शिंपले.

वाचायचं म्हणशील तर बाराखडी पाठ करून घेऊ नकोस एवढंच सांगते. माझ्याकडे यायची मुलं, क का कि की अशी गाडी सुसाट, आणि मधलंच "की" फळ्यावर लिहून दाखवलं की गप्प. परत क पासून मनात म्हणत यायची. तुझ्या चमच्यांसारखंच झालं ना ते? म्हणून तर आपल्याकडे ग म भ न पासून सुरुवात करायचे, काढायला सोपी, एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं, आणि चारच अक्षरांत लगेच गमन, नभ, मन असे शब्द तयार. आणि पहिली वेलांटी सांभाळून. "कि" म्हणताना क आधी, लिहिताना वेलांटी आधी, हे मोठ्यांच्या लक्षातच येत नाही.

त्याच्याही आधी कान. शब्दांच्या भेंड्या खेळा. "का" वरून काकडी, कावळा, काका. यमकं जुळवा, भात-हात-सात, खोटे शब्द केले तरी चालतील, पात-गात-झात, हसू दे खो खो. टाळी वाजवत शब्द तोडा, बा-रा-ख-डी चार टाळ्या. ज्याला आवाज सुटे करता येतात त्याला पुढे अक्षर चिकटवायला वेळ लागत नाही, आणि हे एकदा मराठीत जमलं की इंग्लिशलाही उपयोगी पडतं. उलट आपलं सोपं आहे, "म"चं नाव म आणि आवाजही म. इंग्लिशमधलं डब्ल्यू घ्या, नाव एवढं मोठं आणि त्यात "व" औषधालाही नाही.

आणि गोष्ट सांग गं रोज. तीच तीच मागेल, चाळीस वेळा मागेल, सांग. मधेच मुद्दाम चुकव, तो दुरुस्त करेल. "मग पुढे काय झालं असेल" विचार.

ऐरोलीचा_पप्पा | बुधवार, सकाळी ८.५०

आजी _/\_

आमची मुलगी ट्रेनमधे वाचायला शिकली, खोटं नाही. बायकोचं माहेर वाशीला, दर शनिवारी ट्रान्स-हार्बरने ये-जा. घणसोलीची पाटी बघून एक दिवस म्हणाली पप्पा ह्याची शेपटी आपल्या ऐरोलीसारखीच आहे. तेव्हा ती साडेचारची, अक्षर एक येत नव्हतं, पण "ली" दिसलं तिला. मग खेळच झाला, रबाळे, तुर्भे, कोपरखैरणे (हे वाचायला पुढे वर्ष गेलं). एकदा विचारलं पाटीवर ठाणे दोनदा का लिहिलंय, म्हटलं एक मराठी एक हिंदी, तर म्हणे मग दोन्ही सारखंच आहे की. आता ह्यावर काय बोलणार.

क्लास आम्हीही लावला होता, फोनिक्सचा. वाईट नव्हता पण आठवड्यातून दोन तास, आणि घरी येऊन नुसतं "ॲ ॲ ॲपल". चार महिन्यांनी सोडला.

कासारवडवलीची_आई | बुधवार, रात्री १२.१०

बाप रे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, सावकाश दोनदा वाचलं, "जालो" वाचताना खरंच डोळ्यात पाणी आलं आणि मग हसू. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो नव्व्याण्णववर अडकलाय.

गणितवाला, तुम्ही सांगितलं तसं केलं. चिमट्यांची टोपली घेतली. एक दे, दिला. दोन, दिले. तीन, थोडा थांबला पण दिले. चार म्हटलं आणि आली मूठ. मग आता इथून पुढे काय करायचं?

गणितवाला_बाबा | गुरुवार, सकाळी ७.२०

वा, म्हणजे तीनपर्यंत पक्का आहे, दारातच उभा आहे. आता छोट्या आकड्यांशीच खेळा, शंभर विसरा. मोजून झालं की तुम्हीच शेवटी म्हणा "एक, दोन, तीन, चार... चार चिमटे!" आणि हाताने सगळ्यांभोवती गोल फिरवा. आधी सांगा मग मोजा, "बघ चार पोळ्या आहेत, एक दोन तीन चार." ताटं त्याला मांडू द्या, माणशी एक वाटी, कमी पडली की त्यालाच कळेल. आपल्या भाषेत तर किती सोय आहे, माणसं असली की दोघं, तिघं, चौघं. अर्धी पोळी, दीड भाकरी, पाऊण वाटी, हे सगळं त्याच्या कानावर पडत राहू दे, अबॅकसमधे दीड नसतो.

आणि पटावरचे खेळ. रमाणी आणि सीगलर ह्यांनी २००८ला एक ते दहा आकडे एका ओळीत लिहिलेला साधा पट चार-पाच वर्षांच्या मुलांना खेळायला दिला, पंधरा-पंधरा मिनिटं, दोन आठवड्यांत चारदा, बस. तेवढ्यात मुलांना कुठला आकडा मोठा, कुठला कुठे येतो हे कळायला लागलं. रंगांचा पट दिला त्यांना काही फरक पडला नाही. सापशिडी शंभरची मोठी पडेल, कार्डबोर्डवर दहा घरांची करा. सोंगटी सरकवताना एक दोन करत पहिल्यापासून मोजायचं नाही, घरावर जो आकडा आहे तो म्हणत जायचं, पाचवर असेल आणि दोन पडले तर "सहा, सात."

टॉवरमधे राहता ना? लिफ्ट म्हणजे उभी संख्यारेषा आहे, फुकट. तुमचा मजला कितवा? बटण त्याला दाबू द्या, आकडे बदलताना बघू द्या, वर जाताना वाढतात खाली येताना कमी होतात. माझ्या मुलीला वजाबाकी लिफ्टने शिकवली.

एकदम_प्रॅक्टिकल | गुरुवार, सकाळी १०.१५

लिफ्टमधे माझा मुलगा सगळी बटणं एकदम दाबतो, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आलाय त्याचा. बाकी ठीक आहे, दहा घरांचा पट करून बघतो, माझाही साडेतीनचा आहे.

नौपाड्याच्या_आजी | गुरुवार, दुपारी १.००

दाबू दे. आणि तू स्वतः त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतोस ते नाही सांगितलंस.

एकदम_प्रॅक्टिकल | गुरुवार, दुपारी १.२२

मराठी 🙈

कासारवडवलीची_आई | दीड महिन्यांनी, रविवार, रात्री १०.३०

धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं होतं. क्लास नाही लावला. मिसना भेटून आले, नम्रपणे सांगितलं की घरी मराठीच राहील, इंग्लिश पुस्तक रोज वाचू. त्या फार खूश दिसल्या नाहीत पण "ओके मॉम" म्हणाल्या. ऐकण्याची चाचणी करून घेतली, कान व्यवस्थित. रव्याची परात आता सासऱ्यांच्या ताब्यात आहे, दोघं मिळून घरभर रवा करतात आणि मग दोघांनाही मी ओरडते. "जालो" अजून आहे, "करलं" गेलं.

चिमटे चारचे आठवडाभर जमले नाहीत आणि मग एक दिवस चार, पाच, सात, सगळंच जमायला लागलं, तुम्ही म्हणालात तसं एकदम. पाच चमचे परवा मोजून आणले, सहावा हातात आला तो परत ठेवून आला.

पण आजचं सांगायलाच हवं. आम्ही सोळाव्या मजल्यावर. खालून वर येताना हा आकडे म्हणत होता, नऊ, दहा, अकरा, बारा, आणि एकदम गप्प. मग म्हणाला, "आई, बारानंतर चौदा आला." म्हटलं हो. "तेरा कुठे गेला?" आमच्या बिल्डिंगमधे तेरावा मजलाच नाहीये, चार वर्षं राहतोय, माझ्या कधी डोक्यात पण आलं नव्हतं. वर पोचेपर्यंत विचारत राहिला. मग घरात येऊन बोटांवर काहीतरी करून म्हणाला, मग आपण सोळाव्या नाही, पंधराव्यावर राहतो.

काय उत्तर देऊ ह्याला?

गणितवाला_बाबा | रविवार, रात्री १०.४१

सोसायटीच्या सेक्रेटरीकडे घेऊन जा, मेंटेनन्स एका मजल्याचा जास्त घेताय का विचारू दे.